मजकूर निवडण्याची सुलभ रीत
(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



अहवाल, प्रश्नपत्रिका, पालकांस धाडावयाची पत्रे हे बहुतेक लेखन आता आपण संगणकावर करतो. शाळाभेटींत मला असे दिसते की, लिहिण्यापेक्षा दुरुस्तीतच अधिक वेळ खर्ची पडतो. आणि त्यातही मोठा वाटा मजकूर निवडण्याचा असतो. माउसचे बटण दाबून धरून ओळीमागून ओळ ओढीत न्यावयाची, आणि बोट जरा सुटले की पुन्हा आरंभापासून! हे श्रम टाळता येण्यासारखे आहेत.

शब्द, वाक्य, परिच्छेद हे लेखनाचे घटक आपण मुलांस नित्य शिकवितो. मायक्रोसॉफ्ट वर्डही हेच घटक ओळखतो. शब्दावर दोनदा क्लिक केले असता तो शब्द निवडला जातो. तीनदा केले असता सबंध परिच्छेद. कंट्रोल कळ दाबून वाक्यात एकदा क्लिक केले की ते वाक्य, आणि डाव्या समासात क्लिक केले की समोरची ओळ निवडली जाते. लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांनी एवढाच भेद ध्यानी ठेवावा की, तेथे तीन क्लिकांनी वाक्य व चारांनी परिच्छेद निवडला जातो.

मजकूर दोन-तीन पानांचा असेल, तर आरंभी क्लिक करावे, पाने सरकवून शेवटाशी यावे आणि शिफ्ट दाबून तेथे क्लिक करावे. मधला सर्व मजकूर निवडला जातो. माउस नादुरुस्त असला तरी काम अडत नाही. शिफ्टसह डावा-उजवा बाण दाबल्यास एकेक अक्षर, व कंट्रोल आणि शिफ्ट दोहोंसह दाबल्यास एकेक शब्द निवडता येतो. संपूर्ण लेखासाठी कंट्रोल व ए पुरेत.

मात्र एक इशारा देणे अगत्याचे आहे. मजकूर निवडलेला असताना चुकून एखाद्या अक्षराची कळ दाबली गेली, तर तो सारा नाहीसा होऊन ते एकच अक्षर उरते. या भीतीनेच कित्येक ज्येष्ठ शिक्षक संगणक दुसऱ्याच्या हाती सोपवितात. अशा वेळी फाइल बंद करू नये; कंट्रोल व झेड दाबावे, म्हणजे गेलेला मजकूर परत येतो.

एखाद्या जुन्या प्रश्नपत्रिकेची प्रत काढून या क्रियांचा आपण आठवडाभर रोज दहा मिनिटे सराव करावा, ही विनंती. त्यातून वाचलेला वेळ मुलांच्या वह्या तपासण्याच्या कामी येईल. आणि तो वेळ मूळचा त्यांचाच आहे.