दुरुस्ती झाली, पोहोचली का?



समर्थ रामदासांच्या जन्मगावी उभे राहून संगणकाच्या सुरक्षेवर बोलताना दासबोधाचा एकोणिसावा दशक आठवतो. त्याचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा राखाव्यात, पोथी कशी टिकावी याचा त्यात बारकाईने विचार आहे. मूळ प्रतीतली चूक तिच्यावरून उतरवलेल्या प्रत्येक प्रतीत जाते. पुढे मूळ प्रत शुद्ध केली, तरी गावोगावी गेलेल्या प्रती आपोआप शुद्ध होत नाहीत. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे आज तेच झाले आहे. त्यात दोष सापडतात, ही मला मोठी चिंता वाटत नाही. दोष दुरुस्त होतो आणि ती दुरुस्ती आपल्या यंत्रापर्यंत आणण्याचे काम कोणाच्याच नावावर नसते, ही खरी चिंता आहे.

जुलै 2024 च्या अखेरीस देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याने नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले होते. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार शिरकाव झाला तो एका सहयोगी कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरमधून. जेनकिन्स हे मुक्त स्रोत साधन जगभर वापरले जाते. त्यातला दोष पाहण्यासारखा आहे: आज्ञेत ‘@’ हे चिन्ह आणि त्यापुढे फाइलचा पत्ता लिहिला, की जेनकिन्स त्या फाइलमधला मजकूरच आज्ञेत भरून घेत असे. सर्व्हरवरच्या गुप्त किल्ल्या बाहेरच्याच्या हाती लागण्याची वाट त्यातून मोकळी झाली. हा दोष 24 जानेवारी 2024 रोजी जाहीर झाला, त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही आली. हल्ला झाला तो त्यानंतर सहा महिन्यांनी. या सहा महिन्यांचा जाब जेनकिन्स लिहिणाऱ्यांना विचारता येणार नाही.

काहीजण म्हणतात, कोड उघडा ठेवला की चोराला कुलपाची रचनाच दाखवल्यासारखे होते. पण मे 2017 मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर ज्या विंडोजला ग्रासले, तिचा कोड बंदच होता आणि त्यातल्या दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रामने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक तोच जुना दोष होता. कोड उघडा असो वा बंद, न लावलेली दुरुस्ती दोन्हीकडे सारखीच घात करते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अपडेट केले की चालते काम बंद पडते. ही भीती खोटी नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेचा दोष उघड झाला, तेव्हा पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि त्याच महिन्यात पुन्हा पुन्हा नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. नोंदी लिहिणारे हे छोटे साधन आपल्या कोणकोणत्या प्रणालींत दडले आहे, हेच असंख्य संस्थांना ठाऊक नव्हते. शोधण्यातच वेळ गेला. म्हणून डोळे मिटून अपडेट करा, असे मी म्हणणार नाही. आधी बॅकअप घ्या, वेगळ्या यंत्रावर चाचणी करा, मग लावा. पण चाचणीच्या नावाखाली महिने काढणे म्हणजे दार उघडे ठेवणेच आहे.

उरतो खर्चाचा प्रश्न. तालुक्याच्या पतसंस्थेने सुरक्षातज्ज्ञ नेमावा, ही अपेक्षा रास्त नाही. मात्र सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी करार करताना तिला तीन गोष्टी लिहून घेता येतात: आत कोणकोणते घटक आहेत त्यांची यादी, गंभीर दोषावरची दुरुस्ती किती दिवसांत लागेल त्याची मुदत, आणि ती लावल्याचा लेखी दाखला. पुरवठादाराच्या सहयोगी कंपन्यांनाही हीच अट लागू हवी, कारण त्या अहवालानुसार सी-एजच्या प्रकरणात फट तिथेच होती. आपल्यापैकी अनेकजण असे करार लिहितात, अनेकजण त्यांवर सह्या करतात. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ही कलमे त्यात असावीत, एवढी मागणी मी या परिषदेपुढे ठेवतो.