सातबाऱ्यावर नाव माझं, सोयाबीन दादाचं

मी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातून बोलतोय. लेकीला इथं सरकारी क्वार्टर मिळालंय, तिच्याकडेच असतो. गाव मात्र लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. वडिलार्जित ४ एकर, सातबाऱ्यावर दोन नावं : थोरला भाऊ आणि मी. माझी उमर फौजेत गेली. त्या रानात मी एकदाही पेरणी केलेली नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात दादाचा फोन आला. "अरे, सोयाबीनचं अनुदान आलंय. तुझी सही लागतीय."

प्रकरण असं. २०२३ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये होता, पण २०२४ उजाडलं आणि बाजार त्याच्याही खाली गेला. म्हणून राज्य सरकारनं सोयाबीन आणि कापूसवाल्यांना हेक्टरी ५,००० रुपये द्यायचं ठरवलं, २ हेक्टरच्या मर्यादेत. दोन्ही पिकांचे मिळून सुमारे ४,१९४ कोटी. ३० सप्टेंबरपासून पैसे थेट खात्यात पडू लागले.

हेक्टरी १२ क्विंटल धरले तर क्विंटलमागे चारशेच्या वर पडतात. म्हणजे अगदीच तोंडाला पानं पुसलेली नाहीत. आमच्या १.६ हेक्टरचे ८,००० होत होते.

अट एकच अडली. सामायिक खातं असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं ना-हरकत पत्र हवं. मी म्हटलं, "पाठवतो आठवड्यात." आणि विसरलो. रेजिमेंटमध्ये जवानाच्या रजेचा कागद मी रात्रभर टेबलावर ठेवला नसता. हा दीड महिना पडून राहिला. दादानं पुन्हा विचारलं नाही. थोरला भाऊ धाकट्याकडे दोनदा मागत नाही.

तोवर नवं सोयाबीन घरात आलं. हमीभाव तेव्हा ४,८९२, पण सरकारी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि आमचा माल पावसात भिजलेला. वाळवायला दिवस लागणार, इकडं हरभऱ्याची पेरणी तोंडावर. बियाण्याला पैसे नाहीत म्हणून दादानं २० क्विंटल व्यापाऱ्याला घातलं, चार हजारांच्या जरा वर. नोव्हेंबरच्या मध्याला सरकारनं ओलाव्याची अट १५ टक्क्यांवर आणली, तेव्हा घरात पोतं उरलं नव्हतं. हे सगळं मला नंतर वहिनीनं सांगितलं. ८,००० वेळेवर मिळाले असते तर १६,००० वाचले असते. गणित सोपं आहे, मला झोप लागली नाही.

खातेदार असून दादाची ही गत. बटईनं करणाऱ्याचं नाव तर सातबाऱ्यावर नसतंच. पीक त्याचं, घाटा त्याचा, अनुदान मालकाचं. ऐकणाऱ्यांत पुण्या-मुंबईतले, दिल्लीतले असे मालक किती आहेत, मनाशी मोजा. आणि आपणच दुकानात तेलाची पिशवी दहा रुपयांनी महागली की कुरकुरतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये पुन्हा १० वर आणलं. आपल्या कुरकुरीला किंमत आहे, दादाच्या नाही.

ना-हरकत पत्र मी शेवटी पाठवलं. या दिवाळीला गावी जातोय, हक्कसोडपत्राचं बोलणं काढणार आहे. दादा नको म्हणेल, बापाची जमीन आहे म्हणेल. वहिनीला आधीच फोन करून ठेवलाय.