नव्या देशातील पहिली नोकरी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशात नव्याने गेलेल्या माणसाला नोकरी मिळण्यास कसे साहाय्य करता येईल, या विषयावर मी बोलावे असे कार्यकर्त्यांनी ठरविले. मी बँकेतला कारकून. परदेशी गेलेलो नाही. परंतु शैक्षणिक कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात आणि त्यांतील बऱ्याच फायलींवर कॅनडाचे नाव असते. म्हणून त्या एका देशाविषयी जे समजून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

कॅनडाने १९६७ साली गुणपद्धती सुरू केली. शिक्षण, भाषा, वय, अनुभव यांना गुण द्यावयाचे आणि त्यावरून माणूस निवडावयाचा. वंश पाहून दार लावून घेणाऱ्या देशाने हे करावे, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवली. ज्या पदवीला गुण देऊन माणसाला आत घेतले, तीच पदवी आत गेल्यावर चालेना. कारण देशात प्रवेश देणे केंद्र सरकारच्या हाती, तर डॉक्टर, अभियंता, परिचारिका यांना परवाना देणे प्रांतांच्या कायद्यांखालील मंडळांच्या हाती. दार एकाचे, किल्ली दुसऱ्याची! टॅक्सी कोण चालवितो, यावर २०१२ साली तेथील सरकारी खात्याने चक्क अहवाल काढला. चालकांपैकी निम्मे बाहेरून आलेले निघाले, आणि त्यांत डॉक्टर व पीएच.डी. झालेली मंडळीही होती.

ऑन्टारिओ प्रांतातील अभियंत्यांचे उदाहरण घ्या. परवान्यासाठी अठ्ठेचाळीस महिन्यांचा अनुभव लागे, आणि त्यातील बारा महिने कॅनडातलेच हवेत अशी अट होती. परवाना नाही म्हणून चांगली नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून परवाना नाही. या चक्रात माणसाची ऐन उमेदीची वर्षे जात. २०२१ साली प्रांताने कायदा करून अशी अट घालण्यास मनाई केली आणि मे २०२३ मध्ये अभियंत्यांच्या मंडळाने ती काढून टाकली. पंचवीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या मालकाने जाहिरातीत 'कॅनडातील अनुभव हवा' असे लिहू नये, हा नियमही १ जानेवारी २०२६ पासून लागू करण्याचे ठरले.

कायद्याने अट जाते, मनातली अढी जात नाही, हे आपल्या लोकांना मी सांगावे असे नाही. फिलिप ओरिओपोलस या अर्थशास्त्रज्ञाने टोरांटो परिसरातील कंपन्यांकडे हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फक्त नाव वेगळे. इंग्रजी नावाच्या अर्जांना भारतीय, पाकिस्तानी वा चिनी नावांपेक्षा मुलाखतीची बोलावणी सुमारे ४० टक्के जास्त आली. आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली गेल्याचा अनुभव असलेली माणसे या सभागृहात बसलेली आहेत. त्यांना या आकड्याचे आश्चर्य वाटू नये.

मग मदत कोणती उपयोगी पडते? माझ्या मते बायोडाटा कसा लिहावा याची शिबिरे भरपूर होतात आणि त्यांचा उपयोग मर्यादित असतो. अर्ज सुबक झाला तरी तो उचलून पाहणारा माणूस ओळखीचा नसतो. टोरांटोत २००३ साली स्थापन झालेल्या 'ट्रीक' या संस्थेने नेमके हे ओळखले. नवागताची गाठ त्याच व्यवसायात मुरलेल्या स्थानिक माणसाशी घालून द्यावयाची. लेखापालाला लेखापाल, अभियंत्याला अभियंता. काही महिने दोघांनी भेटत राहावयाचे. नोकरी देण्याचे वचन नाही. मात्र त्या क्षेत्रातली बोली, रीतभात आणि चार माणसांची ओळख मिळते. जाहिरात न होताच भरल्या जाणाऱ्या जागांची वाट ही अशी असते.

दुसरे उदाहरण माझ्या धंद्यातले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. परवान्याच्या परीक्षा, अभ्यासक्रम, कागदपत्रांची तपासणी, सगळ्याला पैसा लागतो. बँक विचारते, तारण काय? जामीनदार कोण? पूर्वीचा कर्जव्यवहार काय? नवख्याजवळ यातले काहीच नसते. मायदेशी त्याने पंधरा वर्षे हप्ते वेळेवर फेडले असतील, पण त्या देशाच्या वहीत त्याचे पान कोरे! यावर उपाय म्हणून २००५ साली कॅलगरी शहरात एक निधी सुरू झाला. आज तो 'विंडमिल' या नावाने चालतो. तारण न घेता, माणसाचे शिक्षण आणि पुढचा बेत पाहून तो कर्ज देतो. परतफेडीचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या बरेच वर आहे. आमच्या साहेबांना हे प्रमाण दाखवावे असे फार वाटते.

परंतु नोकरी लागली म्हणजे काम संपले असेही नाही. १७ मार्च १९६० रोजी टोरांटोत नदीखालून जलवाहिनी नेणाऱ्या बोगद्यात पाच इटालियन मजूर गुदमरून मेले. सगळे बाहेरून आलेले, मिळेल ते काम धरलेले. त्यानंतर जो गहजब झाला त्यातून सुरक्षेचे कायदे सुधारले. गरजू माणूस धोक्याबद्दल विचारत नाही, आणि हे मालकाला ठाऊक असते. नोकरी लावून देतो म्हणून पैसे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. ऑन्टारिओत परदेशी कामगाराकडून भरतीसाठी असे शुल्क घेणे कायद्याने गुन्हा आहे, हे येथून निघण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

आता विद्यार्थ्यांसाठी. केंद्र सरकारच्या पैशावर चालणारे मोफत भाषावर्ग व रोजगार-मार्गदर्शन मुख्यतः कायम रहिवाशांसाठी व आश्रय मिळालेल्यांसाठी असते. शिकायला गेलेल्याला ते सहसा मिळत नाही. सत्र चालू असताना महाविद्यालयाबाहेर काम आठवड्याला चोवीस तासांपर्यंतच करता येते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी मर्यादा वीस तासांची होती. तेवढ्या कमाईवर शुल्क भागेल हा हिशेब कुणी मांडून दाखविला, तर तो कागद घेऊन माझ्याकडे या.

आणि जो येथे नोकरी करून मग जाणार आहे, त्याने विद्यापीठाची सर्व वर्षांची गुणपत्रके मोहोरबंद पाकिटात मिळण्याची व्यवस्था आधी करावी. मालकाकडून अनुभवाचे पत्र घेताना नुसती 'या पदावर काम केले' एवढी ओळ नको. कोणते काम, आठवड्याला किती तास, किती वर्षे, हे सविस्तर लिहून घ्यावे. कारखाना बंद पडल्यावर ते पत्र द्यायला कुणी उरत नाही.