गावची लांब पल्ल्याची शर्यत

लांब पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यती आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. तालुक्याच्या गावीही त्या होऊ लागल्या आहेत. शर्यत संपली की विजेत्याच्या गळ्यात हार पडतो, त्याचे नाव सर्वतोमुखी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांनी रस्ता आखला, अंतर मोजले, पाण्याची सोय केली, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांचे काम चोख झाले तर ते दिसतच नाही. चुकले, तर मात्र कोणाच्या श्रमांवर पाणी पडते आणि प्रसंगी कोणाच्या जिवावरही बेतते. म्हणून या कामाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

बेळगावकडील श्रोत्यांना फडेप्पा दारेप्पा चौगुले हे नाव परके नसावे. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या, तेव्हा सर दोराबजी टाटा तेथे अध्यक्ष होते. अनवाणी धावणारी, शेतात राबणारी मुले त्यांनी पाहिली. त्यांना ना शिक्षण मिळाले होते, ना नियमांची माहिती होती. तरी लांब पल्ल्याच्या शर्यतींतील त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या असल्याचे टाटांच्या ध्यानी आले. पुढील वर्षी बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानातून जो लहानसा संघ गेला, त्यात चौगुले होते. मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला.

या वेळेची आजच्या एखाद्या धावपटूच्या वेळेशी तुलना करावी काय? करण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागेल. मॅरेथॉनचे आजचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. ते कायमचे ठरले १९२१ साली. अँटवर्पचा रस्ता ४२.७५० किलोमीटर होता, म्हणजे चौगुले साडेपाचशे मीटरांहून अधिक जास्त धावले! अंतर ठाऊक नसेल तर वेळेला अर्थ उरत नाही, तो असा.

अंतर मोजण्यात थोरामोठ्यांच्याही चुका झाल्या आहेत. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये आल्बर्टो सालाझार याने जगातील सर्वांत कमी वेळ नोंदविली. पुढे रस्ता पुन्हा मोजला तो सुमारे दीडशे मीटर आखूड भरला, आणि त्या पराक्रमाची नोंद बाद झाली. चूक धावणाऱ्याची नव्हती. शिक्षा मात्र त्याला झाली. गावच्या शर्यतीत जागतिक विक्रम होत नसतील. पण वर्षभर पहाटे उठून सराव केलेल्या तरुणाला आपली वेळ तितकीच मोलाची वाटते.

मोजणीची खात्रीची रीत फार खर्चाची नाही. सायकलच्या चाकाला फेरे मोजणारे छोटे यंत्र बसवावे. पोलादी फितीने मोजलेल्या किमान तीनशे मीटर सरळ रस्त्यावर ती सायकल अनेकदा चालवून एका किलोमीटरला यंत्राचे किती आकडे पडतात ते काढावे, आणि मग शर्यतीचा रस्ता मोजावा. वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटरांवरून जावे, कारण धावणारा जवळचीच वाट धरणार. शेवटी दर किलोमीटरमागे एक मीटर अधिक धरावा. दहा किलोमीटरला दहा मीटर. अंतर कणभर जास्त भरले तर चालते, कमी भरता कामा नये. मोटारीच्या आकड्यावर विसंबून आखलेली शर्यत म्हणजे निव्वळ अंदाज होय.

अंतराहून महत्त्वाचा प्रश्न जिवाचा. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे मॅरेथॉन भर दुपारी, धुळीच्या रस्त्यावरून झाली. वाटेत पाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. बत्तीस जण निघाले, चौदा पोचले. १९१२ साली स्टॉकहोमच्या उन्हात पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो वाटेतच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. युरोपच्या उन्हाची ही कथा, तर आपल्याकडील उन्हाविषयी सांगावयास नकोच. शर्यत उजाडताच सुटावी आणि ऊन चढण्यापूर्वी संपावी. दर अडीच ते पाच किलोमीटरांवर पाणपोई असावी. मात्र तहान नसता बळेच पाणी पाजू नये, कारण अतिरिक्त पाण्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते आणि तेही घातक ठरते. धावणारा झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो थकला आहे असे समजून स्वस्थ बसू नये. उष्माघाताची शंका येताच त्याला जागच्या जागी बर्फाच्या वा थंड पाण्याने निववावे. रुग्णालयात नेणे त्यानंतर. असे प्रसंग बहुधा अखेरच्या टप्प्यात येतात. म्हणून डॉक्टर आरंभाच्या मांडवात बसून उपयोग नाही. त्यांची जागा शेवटाच्या रेषेजवळ आहे.

आणखी एक साधी गोष्ट पुष्कळ ठिकाणी राहून जाते. पहिले दहा-वीस जण पोचले, पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसे दिली गेली, की स्वयंसेवक पांगतात, पाणपोया उठतात, रस्त्यावर मोटारी धावू लागतात. मागे राहिलेले मात्र अजून धावतच असतात आणि सर्वांत अधिक वेळ उन्हात तेच असतात. यावर उपाय असा, की शर्यत केव्हा संपेल ती वेळ आधीच जाहीर करावी, शेवटच्या धावपटूमागे एक गाडी ठेवावी, आणि ती पुढे गेल्यावाचून कोणतीही पाणपोई उठवू नये. किती निघाले, किती पोचले, किती वाटेत थांबले, याचा हिशेब जुळेपर्यंत संयोजकांनी घरी जाऊ नये.

पहिला येणारा आपल्या बळावर येतो. शेवटचा सुखरूप पोचतो तो बव्हंशी संयोजकांच्या दक्षतेमुळे. गावच्या शर्यतीचे यश बक्षिसाच्या रकमेवर न तोलता या शेवटच्या माणसावरून तोलले जाईल, तर पुढच्या वर्षी धावणारांची संख्या वाढविण्यासाठी वेगळी जाहिरात करावी लागणार नाही.