कर्करोगाचे निदान, वैद्य आणि यंत्र
(सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेच्या सभागृहात दिलेले भाषण)



या महोत्सवात चार शब्द बोलावे असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. आमचा सारा जन्म काचेच्या पट्ट्यांकडे पाहण्यात गेला. व्यासपीठाची आम्हांस सवय नाही. परंतु निरोपासोबत एक प्रश्नही होता. आरोग्य निधीत यंदा बरी रक्कम जमली आहे, आणि कर्करोग ओळखणारे संगणकाचे यंत्र आपल्या बेळगावात आणावे असे तरुण मंडळींच्या मनात आहे. ते योग्य होईल काय, असे त्यांनी विचारले होते. प्रश्न पैशाचा आहे, आणि त्याहून अधिक माणसांच्या जिवाचा आहे. म्हणून आलो.

आमचा धंदा विकृतिशास्त्रज्ञाचा, म्हणजे पॅथॉलॉजिस्टचा. रोगी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ओळखतो, औषध देणाऱ्याला ओळखतो. आम्हांस तो कधी पाहत नाही. त्याच्या हाती येतो तो आमच्या सहीचा कागद. ‘गाठ तपासायला पाठवली आहे’ असे घरात म्हणतात आणि मग चार-आठ दिवस त्या घरात कोणाला अन्न गोड लागत नाही, ते दिवस आमच्या टेबलावर जात असतात. गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्याच्या इतक्या पातळ चकत्या काढायच्या की एका चकतीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट भरावी. ती चकती काचेवर घेऊन तिला दोन रंग द्यायचे. पेशींची केंद्रके निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. मग सूक्ष्मदर्शकाखाली ती काच इंचाइंचाने पाहायची आणि सांगायचे, हा कर्करोग आहे की नाही.

आपल्या भागाचा या शास्त्राशी जुना संबंध आहे. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि तेथील प्रयोगशाळांचे नेतृत्व डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केले. तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांच्या नात्याचा त्यांनी अभ्यास केला. निपाणीच्या बाजारपेठेपासून इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तेव्हापासून आजवर या कामाचे मुख्य साधन बदलले नव्हते. एक सूक्ष्मदर्शक, एक माणूस आणि त्याचे दोन डोळे.

त्या दोन डोळ्यांविषयी आज आम्हांस एक गोष्ट कबूल करावयाची आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी गावात आम्ही एकटेच. चंदगड, खानापूर, निपाणी येथून बाटल्या एस.टी.ने येत. दिवसाला ऐंशी-नव्वद काचा होत. एका शिक्षिकाबाईंच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली होती, आणि काखेतल्या चौदा लसिका ग्रंथी तपासणीसाठी आल्या होत्या. ज्या सुजल्या म्हणजे घरी आपण ‘अवधाण आले’ म्हणतो, त्याच या ग्रंथी. स्तनातला रोग बाहेर पडू लागला की बहुधा प्रथम येथे उतरतो. म्हणून येथे तो आहे की नाही यावर पुढचे औषधपाणी ठरते. आम्ही चौदाही ग्रंथी पाहिल्या आणि ‘रोग आढळला नाही’ असे लिहून सही केली. दोन वर्षांनी बाई परत आल्या तेव्हा रोग हाडांत गेला होता. आम्ही त्या रात्री जुन्या पेटीतून त्यांच्या काचा काढल्या. नवव्या ग्रंथीच्या कडेला, आवरणाच्या अगदी आत, खसखशीच्या दाण्याहून लहान असा पेशींचा पुंजका होता. तो पहिल्या दिवसापासून तेथेच होता. आम्ही त्यावरून पुढे गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आणि बाईंच्या घरी जाऊन त्यांनाही हे सांगितले. बाईंनी एवढेच विचारले, “केवढा होता?” आम्ही सांगितले. त्या म्हणाल्या, “मुलांच्या वह्या तपासताना रात्री उशिरा माझ्याही हातून चुका सुटत.” हे त्यांचे मोठेपण. पुंजका वेळीच दिसला असता तर त्या वाचल्या असत्याच, असे आम्हांस म्हणता येत नाही. पण औषध अधिक मिळाले असते, हे निश्चित. पुढल्या वर्षी त्या गेल्या.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे की, याच चुकीवर उपाय शोधण्यात एका पॅथॉलॉजिस्टाने आपली कारकीर्द घातली आहे. त्यांचे नाव डॉ. अँड्र्यू बेक, राहणार अमेरिका. ब्राउन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे त्यांनी विकृतिशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि तेथेच संगणकाच्या साहाय्याने वैद्यकीय माहितीचा अभ्यास करून पीएच.डी. मिळवली. एका माणसाने दोन विद्या शिकल्या, हे त्यांच्या कामाचे मर्म आहे.

२०११ साली त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाची प्रत ठरवताना आम्ही मंडळी पिढ्यान् पिढ्या तीनच गोष्टी पाहत आलो: पेशी नळीसारखी रचना कितपत करतात, केंद्रके किती बेढब आहेत, आणि विभाजन किती चालले आहे. बेक यांनी संगणकाला असे काही ठरवून दिले नाही. नेदरलँड्समधील आणि कॅनडातील व्हँकुव्हर येथील रुग्णांच्या काचांच्या प्रतिमा घेऊन त्यांनी संगणकाकडून ६,६४२ निरनिराळी मापे काढवली आणि कोणत्या मापांचा रुग्णाच्या आयुष्याशी संबंध लागतो ते पाहिले. तेव्हा असे दिसले की, कर्कपेशींच्या भोवतीचे जे साधे धाग्याधाग्यांचे ऊतक, ज्याकडे आम्ही फारसे लक्ष देत नव्हतो, त्यातही रोगाच्या पुढच्या चालीची खूण आहे. आम्ही चोराकडेच पाहत बसलो होतो. ज्या गल्लीने त्याला आसरा दिला तिच्याकडे पाहिलेच नव्हते.

पुढे बेक बॉस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न अशा रुग्णालयात गेले. २०१६ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी ‘कॅमेलिऑन’ नावाची एक स्पर्धा भरवली. विषय ऐकून आम्ही खुर्चीत सरळ बसलो: स्तनाच्या कर्करोगातील लसिका ग्रंथींच्या काचांवर लपलेला रोग शोधणे. शिकण्यासाठी २७० काचांच्या प्रतिमा दिल्या होत्या, आणि परीक्षेसाठी १२९.

यंत्र शिकते कसे, ते थोडक्यात सांगतो. आजी नातीला तांदूळ निवडायला बसवते तेव्हा खड्याची व्याख्या सांगत नाही. हा खडा, हा तांदूळ, असे दाखवत जाते. शंभर ताटे निवडून झाली की नातीचा हात आपोआप खड्यावर जातो. येथे तसेच आहे. काचेच्या प्रचंड प्रतिमेचे लक्षावधी लहान चौकोन करायचे आणि जाणत्या वैद्यांनी आखून दिल्याप्रमाणे हा रोगाचा, हा निरोगी, असे संगणकाला दाखवत जायचे. जेथे तो निरोगी भागाला रोग म्हणून फसला, ते चौकोन बेक यांच्या मंडळींनी त्याला पुन्हा गिरवायला लावले. असा तयार झालेला संगणक नव्या काचेच्या प्रत्येक चौकोनाला संशयाचा आकडा देतो, आणि संशयाची जागा रंगवून दाखवतो.

त्या वसंतात बेक यांचा संघ पहिला आला. निकाल समजून घेण्यासारखा आहे. एक रोगाची आणि एक निरोगी अशी काचांची जोडी समोर ठेवली, तर रोगाची काच अधिक संशयास्पद ठरवण्यात यंत्र १०० पैकी सुमारे ९२-९३ वेळा बरोबर आले. घाई न करता पाहणारा पॅथॉलॉजिस्ट ९६-९७ वेळा. म्हणजे माणूस यंत्राहून सरस ठरला. परंतु दोघांचे मत एकत्र केले तेव्हा आकडा ९९ च्याही वर गेला. कारण दोघांच्या चुका निरनिराळ्या जागी होत्या. यंत्र जेथे फसे तेथे माणूस फसत नसे, आणि माणसाचे डोळे थकत तेथे यंत्र थकत नसे.

२०१७ च्या अखेरीस या स्पर्धेचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यात ११ पॅथॉलॉजिस्टांना त्याच १२९ काचा रोजच्या धावपळीप्रमाणे सुमारे दोन तासांत पाहावयास दिल्या होत्या. ज्या काचांवर रोगाचा केवळ बारीक पुंजका होता, त्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक काचा त्यांच्यातील सर्वोत्तमाच्याही नजरेतून सुटल्या. सवडीने पाहणाऱ्याला त्याच कामास ३० तास लागले. तोवर सुधारलेली उत्तम यंत्रे त्या सवडीच्या माणसाच्या तोडीची झाली होती. आम्ही हे वाचले आणि पेटीतली ती नववी ग्रंथी आठवली. दोन मिलिमीटरपर्यंतच्या पुंजक्याला शास्त्रात ‘सूक्ष्म पसार’ म्हणतात. आमचा पुंजका त्यातलाच.

बेक यांनी २०१६ सालीच आदित्य खोसला या संगणकतज्ज्ञाबरोबर बॉस्टन येथे ‘पाथएआय’ ही कंपनी काढली आणि पुढचे आयुष्य या कामाला वाहिले. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने विकृतिशास्त्रातील अशा पहिल्या संगणक-प्रणालीला परवानगी दिली. ती दुसऱ्या एका कंपनीची होती आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी होती. त्या परवानगीतही प्रणालीचे काम पॅथॉलॉजिस्टला साहाय्य करण्याचे आहे, त्याच्याऐवजी निर्णय देण्याचे नाही. कागदावरची सही माणसाचीच राहिली.

आता चिटणीसांच्या प्रश्नाकडे येतो. यंत्र घ्यावे काय?

आमचे मत असे की घ्यावे, पण आज नाही, आणि प्रथम ते नाही. त्याची कारणे सांगतो.

यंत्र जे पाहून शिकले तेच त्याला येते. एका रुग्णालयाच्या काचांचा रंग दुसऱ्यासारखा नसतो; कोठे गुलाबी गडद, कोठे निळा फिका. एका ठिकाणी हुशार ठरलेले यंत्र दुसऱ्या ठिकाणच्या काचांवर अडखळते. आमच्याकडे चकती जाड कापली गेली, काचेवर तिला घडी पडली, तर माणूस ‘दुसरी काप’ म्हणून सांगतो. आणि मुळात तुकडा नीट मुरला नसेल तर माणूस काय, यंत्र काय, दोघेही आंधळे. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन बाटलीत असावे लागते. आमच्याकडे कित्येकदा तुकडे मीठपाण्यात आले, औषधाच्या रिकाम्या बाटलीत कोंबून आले, नाव नसलेले आले. भारतात वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो, असा २०२२ सालचा जागतिक अंदाज आहे. त्यांतील आपल्या वाट्याच्या रुग्णांचा पहिला तोटा बाटलीतच होतो.

म्हणून आरोग्य निधीतून पहिला खर्च आसपासच्या तालुक्यांतील रुग्णालयांना योग्य मापाच्या, फॉर्मालिन भरलेल्या, नावाची चिठ्ठी लावलेल्या बाटल्या पुरवण्यावर करावा. दुसरा, मायक्रोटोम चालवणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या शिक्षणावर. चांगली काप काढणारा हात हा अर्धा निदानकर्ता असतो. तिसरा खर्च काचेची प्रतिमा घेणाऱ्या स्कॅनरवर करावा. म्हणजे शंकास्पद काच मुंबईच्या जाणत्या वैद्याला त्याच दिवशी दाखवता येईल, आणि रुग्णाच्या नातेवाइकाला काच खिशात घालून रात्रीची गाडी धरावी लागणार नाही. कर्करोग ओळखणारी प्रणाली त्यानंतर घ्यावी, आणि घेण्यापूर्वी आपल्याच जुन्या, उत्तर ठाऊक असलेल्या दोनशे काचा तिच्यापुढे ठेवून तिची परीक्षा घ्यावी. त्या दोनशेत आमची ती नववी ग्रंथी अवश्य घालावी.

आणखी एक सूचना आहे. संस्था दरवर्षी डॉक्टर आणि इंजिनीयर होणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या देते. एखादी शिष्यवृत्ती अशा मुलाला वा मुलीला द्यावी, जी वैद्यक शिकून पुढे संगणकाचेही शास्त्र शिकू इच्छिते. बेक यांच्यासारखी माणसे दोन घरांत वावरलेली असतात, म्हणून एका घरची अडचण त्यांना दुसऱ्या घरात सोडवता येते. आपल्या समाजातील मुलांना दोन-तीन भाषांत एकाच वेळी वावरण्याची सवय जन्मतःच आहे. हेही त्यांना जमेल.

सभेतील भगिनींना आणि बंधूंना घरगुती उपयोगाचे एकच सांगतो. गाठीचा अहवाल आला की मूळ कागद जपून ठेवा. प्रयोगशाळेत त्या तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचा ठेवलेल्या असतात. शंका असेल तर त्या मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवण्यात संकोच करू नका. प्रामाणिक पॅथॉलॉजिस्टला त्याचा राग येत नाही. आमच्या वेळी कोणी तसे मागितले असते तर आमच्यावर उपकारच झाले असते.

ती काच आम्ही अजून जपून ठेवली आहे. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी काही न सांगता ती पाहावयास देत असू. बहुतेकांना पुंजका दिसत नसे. मग आम्ही त्यांना बाईंची गोष्ट सांगत असू, आणि काच पुन्हा पाहायला लावत असू.

संस्थेने पन्नास वर्षे गरजूंच्या पाठीशी उभे राहून जे काम केले आहे, ते पुढेही असेच चालो, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना करतो.