शिफारस हीही अमानत आहे



नोकरीसाठी परदेशी गेलेली मुले आपल्या घरोघरी आहेत. परंतु परदेशी जाऊन तेथल्या मुलांना तेथेच नोकरी मिळावी म्हणून विनावेतन खपणे, हे आपणांस नवे वाटेल. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी टांझानियात दार-एस-सलाम येथे काही महिने हे काम केले.

तेथील सरकारने १९६७ साली बँका ताब्यात घेतल्या. आपल्याकडे ते १९६९ साली घडले. पुढे १९९१ च्या कायद्याने तेथे खाजगी बँकांना पुन्हा वाट मिळाली. खाजगी बँका आपली माणसे आपणच निवडतात. दार-एस-सलाम विद्यापीठ आहे टेकडीवर, आणि मोठ्या बँकांच्या कचेऱ्या खाली शहरात. अंतर थोडे, पण ओळख नाही. ती करून देणे एवढेच माझे काम.

मी आधी शाखाधिकाऱ्यांना विचारले, "मुलांत उणे काय?" उत्तर मिळाले, "गुण आहेत, पण गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही." कारण उघड होते. तेथे सरकारी शाळांत प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत व पुढचे सारे इंग्रजीत. ताळेबंद इंग्रजीत पाठ. पण काउंटरपलीकडची मासळीवाली कर्जाचा हप्ता स्वाहिलीत विचारते. म्हणून आम्ही मुलांना कर्जाचा हिशेब आपल्या आईला समजेल अशा भाषेत सांगायला लावला. वर्गात कधी न बोलणारी एक मुलगी त्या दिवशी सर्वांत स्पष्ट बोलली. नंतर सुट्टीत मुले शाखांत जाऊन बसली. काम पाहिले, आणि बँकेनेही त्यांना पाहिले.

स्वाहिलीत हिशेबाला 'हेसाबु', पैशाला 'पेसा' आणि ठेवीला 'अमाना' म्हणतात. २०११ साली तेथे निघालेल्या बिनव्याजी बँकेचे नावच अमाना बँक. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. काही पालक मला म्हणत, "साहेब, एक चिठ्ठी द्या." मी नम्रपणे नकार देई. न पारखलेल्या मुलाची शिफारस केली, तर पुढच्या लायक मुलाचे दार बंद होते. शिफारस हीदेखील अमानत आहे. ती दुसऱ्याच्या हक्काची असते.

पाहुणा एक दिवस परततो. म्हणून निघताना शाखाधिकाऱ्यांच्या ओळखी व कामाची वही तेथल्या प्राध्यापकांच्या आणि बँकेत लागलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती दिली.

पालकहो, यासाठी आफ्रिकेतच जायला हवे असे नाही. आपल्यातही बँकांतून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांनी आठवड्याचे दोन तास आपल्या महाविद्यालयाला द्यावेत. आणि विद्यार्थी मित्रांनो, चिठ्ठी मागण्याआधी आज घरी जाऊन आईला कर्जाचा एक हप्ता समजावून सांगा. तिला समजला, तर मुलाखतीची अर्धी तयारी झाली असे समजा.