सल काढली; आता पानसोटांकडे पाहा



संत्र्याची तोड झाली, की आपण सिकेटर घेऊन बागेत शिरतो आणि वाळक्या, रोगट काड्या, म्हणजे सल, काढून टाकतो. झाड मोकळं दिसतं, मनाला बरं वाटतं. पण काम तिथं संपत नाही. पुढच्या काही आठवड्यांत खोडावर आणि जाड फांद्यांवर हिरवेगार, सरळ उभे धुमारे फुटू लागतात. हेच पानसोट. आज त्यांच्याबद्दल बोलू.

पानसोट ओळखायला सोपा आहे. तो आडवा पसरत नाही, सरळ वर जातो. त्याची काडी कोवळेपणी गोल नसून तीनधारी असते. पानं मोठी, दोन पानांतलं अंतर जास्त, आणि बगलेत काटे. दिसायला मोठा जोमदार! पण त्याच्यावर लवकर फळ धरत नाही. फळफांदीच्या वाट्याचं अन्नपाणी मात्र तो ओढून घेतो आणि झाडाच्या आत सावली करतो.

हे पानसोट येतात तरी का? जमिनीखाली मुळं पूर्वी होती तेवढीच राहतात, वरच्या फांद्या मात्र आपण कमी करतो. मुळांनी ओढलेलं अन्नपाणी मग सालीखाली झोपलेले डोळे जागे करतं. म्हणून जितकी छाटणी भारी, तितके पानसोट जास्त. त्यात युरियाचा हात सैल सोडला, तर विचारूच नका. तेव्हा वाळलेलं, रोगट आणि एकमेकांत अडकलेलं तेवढंच काढा. हिरव्या फांद्यांवर उगाच सिकेटर चालवू नका. एकदम उघड्या पडलेल्या फांद्यांना विदर्भाच्या उन्हाचा चट्टाही बसतो.

आता महत्त्वाची गोष्ट. फूट कुठून आली आहे, ते आधी पाहा. आपलं संत्र्याचं कलम बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेलं असतं. डोळ्याच्या जागेखालून आलेली फूट ही संत्र्याची नव्हे, जंबेरीची. ती एकही ठेवायची नाही.

वरुड भागातल्या एका बागेत मला मालकानं मोठ्या कौतुकानं एक झाड दाखवलं. म्हणाले, “साहेब, सगळ्यांत हेच जोरात आहे पाहा!” मी एक पान चुरगाळून त्यांच्या नाकाशी धरलं. वास लिंबासारखा. खाली वाकून पाहिलं, तर डोळ्याच्या चार बोटं खालून फूट निघालेली, तिचंच झाड झालेलं. संत्र्याची मूळ फांदी बाजूला पेन्सिलीएवढी वाळून उभी होती. पाच वर्षं शेणखत घातलं, उन्हाळ्यात पाणी पाजलं, ते सगळं जंबेरीला! पहिल्याच वर्षी अंगठ्यानं मोडली असती, तर झाड वाचलं असतं. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी बाग वाकून तपासली.

डोळ्याच्या वरचे पानसोट संत्र्याचेच असतात. जमिनीपासून दोन ते अडीच फूट खोड स्वच्छ ठेवा. त्याच्या वर, आतल्या बाजूला उभे वाढणारेही काढा. मात्र एखादी मोठी फांदी मेली असेल आणि तिथं खिंडार पडलं असेल, तर योग्य जागचा एकच पानसोट ठेवा. तो हातभर झाला, की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटून जागा भरेल.

काढायचे कसे? कोवळे असतानाच. बोटभर, वीतभर असताना अंगठ्यानं खाली दाबून बुडातून मोडा. बुडाशी असलेले डोळेही त्याच्याबरोबर निघतात. कोयत्यानं वरवर छाटलात, तर राहिलेल्या खुंटीतून एकाचे चार होतील. काडी जून झाली असेल, तर धारदार सिकेटरनं अगदी बुडाशी कापा, पण खोडाची साल सोलू नका.

जाड जखमेवर बोर्डो मलम लावा. प्रमाण असं: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवा आणि मग एकत्र करा. मलमात विळ्याचं पातं बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला, आणखी घाला. मलम त्याच दिवशी वापरा. जमिनीलगतची उघडी जखम म्हणजे डिंक्याला दिलेलं आमंत्रणच. म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर सगळ्या खोडालाही हेच मलम लावा.

नवीन बहार फुटत असताना आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बागेतून एक फेरी मारा. हत्यार नको, अंगठा पुरे. लहान कलमांजवळ मात्र वाका, डोळ्याच्या खाली पाहा, पान चुरगाळून वास घ्या. घरातल्या पोरांनाही हे शिकवा. त्यांना वाकायला त्रास नाही आणि नाकही तिखट असतं!

बाग आपली आहे, पाणी आपलं आहे. ते संत्र्याला मिळावं, जंबेरीला नव्हे.